एकच मुलगी

हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात प्रणय खोकी पॅक करायचा. औषधं सुरू झाल्यापासून त्याच्या कानातले आवाज बरेच मागे हटले होते. आज डब्याला काय, असं तो पुन्हा विचारायला लागला होता. बहीण हेमाली तेवढ्यावरच खूश होती.

मग हेमालीला वसईचं स्थळ आलं.

“पावने येतील तवा तू आतल्या खोलीत बस,” वडील पुंडलिक त्याला म्हणाले.

“तो आजारी आहे बाबा, चोर नाही,” हेमाली म्हणाली.

“लगीन ठरू दे. मंग सांगू.”

पोहे खाता खाता पाहुण्यांनी विचारलं, “मुलीला भाऊ-बहीण?”

आईने, शेवंतीने, पदर सारखा केला. “न्हाय. एकच मुलगी हाय आमाला.”

दाराआड प्रणय होता. हेमालीला राहवलं नाही. “मला भाऊ आहे. आत बसलाय.”

चौकशीत त्याचा आजार कळला आणि स्थळ मोडलं. का मोडलं, ते भावकीत पसरलं आणि गाळ्यापर्यंतही पोचलं. तिथली पोरं प्रणयला बघून खुणा करू लागली. शेठ म्हणाला, “थोडे दिन आराम कर.” पुन्हा बोलावलंच नाही.

प्रणयने गोळ्या बंद केल्या. “गोळ्या खातो म्हणूनच सगळे वेडा म्हणतात.”

“आवाज परत येतायत?” हेमालीने विचारलं.

“हो.”

“काय म्हणतात?”

“लोक म्हणतात तेच.”

ती घाबरून डॉक्टरांकडे गेली. ताबडतोब भरती करा, ते म्हणाले. पुंडलिक दार अडवून उभे राहिले. “वेड्यांच्या दवाखान्यात घातला तर गावात त्वांड कसं दावू?”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आपणच त्याला न्यायचं, असं तिने ठरवलं. ठरवलं त्याच दिवशी दुपारी ती कामावर होती. आई-वडील नात्यातल्या हळदीला गेले होते. प्रणयला नेलं नव्हतं. घरात एकटा असताना त्याने जीव संपवला.

अटॅक आला, असं पुंडलिकांनी सगळ्यांना सांगितलं. कुणी खोदून विचारलं नाही.

तेराव्याला मावशीने हेमालीला जवळ घेतलं. “रडू नको पोरी. आता तुजं लवकर जमंल.” तिच्या आवाजात खरीच माया होती.

हेमालीने आईकडे पाहिलं. शेवंती प्रणयचे शर्ट मांडीवर घेऊन बसली होती. एकेकाची घडी घालत होती, आणि घातलेली पुन्हा मोडत होती.