नवऱ्याचं नाव, राहता पत्ता

मेहेरुनचा बायोडाटा तिच्या मामाने स्वतः बसून केला होता. उजव्या कोपऱ्यात डोक्यावर ओढणी घेतलेला फोटो. खाली वडिलांचं नाव, आईचं नाव, नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, बांगलादेशातला कायमचा पत्ता आणि मग टोरांटोतला राहता पत्ता, मजला आणि फ्लॅट नंबरासकट. राजशाहीच्या इस्पितळात तिने कित्येक वर्षं प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचं काम केलं होतं, ते दुसऱ्या पानावर दोन ओळींत उरकलं होतं.

मामा म्हणजे मोताहार हुसेन. गावाकडे बँकेत मॅनेजर, इथे डॅनफोर्थ अव्हेन्यूवर झेरॉक्सचं दुकान. देशाकडून नवा आलेला माणूस नोकरीचा कागद करून घ्यायला त्यांच्याकडेच यायचा, आणि ते सगळ्यांना एकाच साच्यातून काढायचे. आपण जन्मभर अर्ज वाचलेत, आपल्याला कोण शिकवणार, असा त्यांचा खाक्या होता. बायको गेल्यापासून तर घरातही त्यांना अडवणारं कोणी उरलं नव्हतं.

शर्मिला गोमेस जवळच्याच केंद्रात नव्या लोकांना नोकरी शोधायला मदत करायच्या. एकदा दुकानात आल्या असता त्यांनी तो बायोडाटा उचलून पाहिला.

"मोताहारभाई, हे काय केलंय?"

"भाचीचा बायोडाटा. थंडीभर वाटतोय, एकाचं उत्तर नाही. या देशात रीतभात म्हणून नाहीच."

"रीत आहे म्हणूनच उत्तर नाही. फोटो, धर्म, लग्न झालंय का, हे इथे कोणी विचारत नाही. असला कागद आला की ऑफिसवाले घाबरतात. उद्या नाकारलं तर धर्म बघून नाकारलं म्हणाल, म्हणून आधीच बाजूला टाकतात."

"म्हणजे लपवायचं? आमची पोरगी काय रस्त्यावर सापडलीय?"

"आणि घरचा पत्ता? फोन आणि ईमेल पुरतो. नवऱ्याचं नाव घालताना तिला विचारलंत तरी का?"

मागे कागद कापत बसलेली मेहेरुन उजवा कान पुढे करून ऐकत होती. डावा कान विंडसर शहरातल्या घरी नवऱ्याने, आश्रफुलने, एका थपडेत कायमचा बंद केला होता. भात मऊ झाला म्हणून त्याने तिचा तळहात तापल्या तव्यावर दाबून धरला होता. त्यानंतर ती एका पिशवीनिशी मामाकडे पळून आली. मामांनी तिला पोटच्या पोरीसारखं ठेवलं. पण राग निवला की होईल सगळं नीट, असं त्यांच्या मनात होतंच. तिला नवरा आहे हे कागदावर दिसलं पाहिजे, त्याशिवाय बाईमाणसाचा कागद त्यांना उघडाबोडका वाटायचा.

"मामा, त्याचं नाव काढा ना," ती म्हणाली.

"कायद्याने अजून नवराच आहे. खोटं लिहू?"

"पत्ता तरी काढा."

"ज्याला पत्ता नाही त्याला कोण उभं करतं?"

गोमेसदीदी कागद खाली ठेवत म्हणाल्या, "नोकरी देणाऱ्याला ती कोणाची आहे ते नको असतं, तिला काय येतं ते हवं असतं. ती कोणाची आहे हे ज्याला हवंय, नेमका त्याच्या हातात हा पडेल."

"दीदी, तुम्ही सिनेमे फार बघता," मामा हसले, आणि त्याच दुपारी आणखी एक गठ्ठा काढून त्यांनी अख्ख्या रस्त्यावर वाटला. किराणावाले, मिठाईवाले, औषधवाले, कोणाला सोडलं नाही.

किराणावाला बद्रुल मोठा परोपकारी माणूस. त्याने तो गल्ल्याशेजारी ठेवला, वाचला, नवऱ्याचं नाव ओळखीचं वाटलं, आणि मोबाइलवर फोटो काढून विंडसरच्या आपल्या मेहुण्याकडे पाठवून दिला. रुसून आलेली बायको नवऱ्याला सापडली तर तेवढंच पुण्य.

रविवारी सकाळी मेहेरुन पराठे भाजत होती. बेल वाजली. मामांनी दाराच्या भोकातून पाहिलं. बाहेर आश्रफुल उभा, इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा खोका.

"मामा, सलाम. माफी मागायला आलोय."

स्वयंपाकघरातून मेहेरुनने तो आवाज ऐकला. "मामा, उघडू नका. तुमच्या पाया पडते, उघडू नका."

मामांचा हात साखळीवर होता. जावई मिठाई घेऊन बाहेर ताटकळतोय, शेजारीपाजारी बघतील, म्हणतील काय ही माणसं. त्यांनी साखळी काढली.

मिठाईचा खोका जमिनीवर आपटला. आश्रफुल मामांना खांद्याने बाजूला ढकलून थेट आत शिरला. त्याने मेहेरुनचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड शेगडीच्या काठावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज बाहेरच्या खोलीत ऐकू आला.

"बाजारात फोटो वाटतेस? गिऱ्हाईक शोधतेस?"

मामांनी मागून त्याच्या कमरेला मिठी घातली. आश्रफुलने कोपर मागे हाणून त्यांच्या बरगड्या मोडल्या आणि ओट्यावरचं लाटणं त्यांच्या हातावर असं घातलं की हात जागच्या जागी लोंबायला लागला. मेहेरुन रक्ताची गुळणी टाकत दाराकडे रांगत होती. त्याने तिला गाठलं, तिचा उजवा हात बुटाच्या टाचेखाली घेतला आणि त्या टाचेवर सगळा भार टाकला.

"या हाताने नोकरी करणार? कर. कर ना आता."

तो पुन्हा पुन्हा टाच आपटत राहिला. मामा फरशीवर पडून हे बघत होते.

समोरच्या फ्लॅटमधला विन्स्टन, बस चालवणारा जमैकाचा दांडगा माणूस, किंकाळ्या ऐकून उघड्या दारातून आत धावला. त्याने आश्रफुलला भिंतीवर फेकलं, खाली पाडलं आणि पोलीस येईपर्यंत त्याच्या पाठीवर गुडघा रोवून बसला. पोलिसांनी आश्रफुलचा खिसा तपासला. आत मोबाइलवरच्या फोटोवरून छापून घेतलेला बायोडाटा होता. एका अधिकाऱ्याने त्याची घडी उलगडून मामांपुढे धरली.

"हा पत्ता याला कोणी दिला?"

मामांनी पाहिलं. अक्षरं त्यांच्याच दुकानातली होती. ते म्हणाले, "मी."

इस्पितळात मेहेरुनचा जबडा तारांनी बांधला होता आणि हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. बद्रुल फळं घेऊन आला. खुर्ची ओढून बसला आणि समजुतीच्या सुरात बोलू लागला.

"मोताहारभाई, झालं ते वाईट झालं. मी तर चांगल्या मनानेच पाठवला होता. आता साक्षीबिक्षीच्या भानगडीत पडू नका. चार माणसं बसवू, मिटवून टाकू. नाहीतर पोरीचं घर मोडेल."

मामा उठले. धडक्या हाताने त्यांनी बद्रुलची कॉलर धरली, त्याला खुर्चीतून उपसून भिंतीवर आदळलं आणि कॉलर सोडून त्याच हाताचा ठोसा उगारला.

तेवढ्यात पलंगावर मेहेरुनने प्लास्टरचा हात डोक्यावर घेतला आणि अंग चोरून पलीकडे सरकली.

मामांनी ते पाहिलं. ही पोरगी आपल्याला भ्याली. उगारलेला हात तिला एकच कळतो, मग तो कोणाचा का असेना. त्यांना स्वतःची अशी शिसारी आली की त्यांनी तो हात पाठीमागे घेतला.

"कसलं घर, बद्रुल? जबडा तिचा मोडलाय. मी साक्ष देणार, आणि तू कागद कोणाला पाठवलास तेही सांगणार. जा आता."

बद्रुल फळांची पिशवी तशीच टाकून गेला. मामा पलंगाशी बसले आणि रडायला लागले.

"माफ कर, पोरी. त्या कागदाने तुझा घात केला."

मेहेरुनने मान त्यांच्याकडे वळवली. मग बांधलेल्या दातांमधून, एकेक शब्द कष्टाने काढत म्हणाली, "कागदाने साखळी नाही काढली, मामा."



मामांच्या साक्षीवर आश्रफुल तुरुंगात गेला. मेहेरुनची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. गोमेसदीदींनी सांगितलं तसा नवा कागद मामांनी एका हाताने टाइप केला. त्यासाठी त्यांना भाचीला पहिल्यांदाच विचारावं लागलं की तू तिथे काम काय करायचीस, आणि ती सांगत गेली तसं पान भरून गेलं. वर फक्त नाव, फोन आणि ईमेल. त्या कागदावर तिला एका प्रयोगशाळेत बोलावणं आलं. सुया टोचण्याचं काम आता जमणार नव्हतं, म्हणून नमुन्यांची नोंद ठेवण्याच्या जागेवर तिला घेतलं. ती रोज कामाला जाते. बेल वाजली की अजून तिच्या हातातलं भांडं पडतं.

आता गोमेसदीदींच्या वर्गात नव्या लोकांपुढे मोताहारमामा उभे राहतात. हात वाकडा जुळलाय, तो लपवत नाहीत.

"बाबांनो," ते सांगतात, "नोकरीच्या कागदावर तुम्हाला काय येतं ते लिहा. फोटो नको, धर्म नको, लग्न नको, घरचा पत्ता नको. आपण कोणाचे हे सांगण्यात आपली इज्जत आहे, असं मला वाटायचं. त्या इज्जतीपायी मी माझी पोरगी मारेकऱ्याच्या हातात दिली. आणि तुमच्याकडे कोणी जीव घेऊन पळून आली असेल, तर तो मिठाई घेऊन येवो, माफी मागत येवो, दारातला माणूस तुमचा जावई नाही. ती उघडू नका म्हणाली, तर उघडू नका."