शाब्बास म्हणणारे विजय सर

सौसरच्या समाजभवनातल्या टेबल टेनिसच्या एकुलत्या टेबलावर दामिनी शंभर चेंडू न चुकता परतवायची आणि पांढुर्ण्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरून यायची. असं तीनदा झालं. तिला शिकवणारे विजय सर त्यानं खचले नाहीत. मोहगावहून बदलून आलेल्या अपर्णा मॅडम उपाय सांगू लागल्या, त्यानं खचले.

"सर, तुम्ही दर चेंडूले शाब्बास म्हणता. मॅचमध्ये पोरगी त्याचीच वाट पाहून राहते."

"मग काय शिव्या देऊ?"

"चूप राहा. नऊ-नऊ अशा बरोबरीपासून गेम लावा. रोज नवा खेळणारा समोर उभा करा."

सर चार दिवस चूप राहिले. मॅडमनी बोरगावची पोरं आणली. पहिल्या दिवशी दामिनी नऊ गेम हरली, आठव्या दिवशी दोन. सरांनी हे आकडे चोख लक्षात ठेवले. तिच्या जिंकण्यागणिक त्यांची एक पोळी कमी झाली. दामिनीची वाक्यं "मॅडम म्हणत होत्या" पासून सुरू व्हायला लागली, तेव्हा वरणही उतरेना.

जिल्हा संघाच्या निवडीचा सामना आला. शिकवणाऱ्यासाठी टेबलाजवळ खुर्ची एकच. सर मॅडमच्या आधी जाऊन बसले. इतक्या चपळाईनं ते कधी खेळलेही नव्हते. मॅडम मागं प्रेक्षकांत बसल्या.

पहिल्याच पॉइंटला सर ओरडले, "शाब्बास!"

झालं. दामिनी दर पॉइंटनंतर खुर्चीकडे पाहू लागली. दोन गेम गेले. तिसरा गेला की संघही गेला.

सरांनी मागं पाहिलं. मॅडम हसत नव्हत्या. हसल्या असत्या तर सर हलले नसते. ते उठून बाहेर गेले आणि खिडकीशी उभे राहिले. आता बाई खुर्ची बळकावणार, ही खात्री. बाई जागच्या हलल्या नाहीत.

दामिनीनं एकदा रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, तोंड पुसलं, मग पाहणंच सोडलं. तीन गेम ओळीनं घेतले.

ती धावत बाहेर आली. "सर, इथं काय करून राहिले?"

"पाणी पिऊन राहिलो होतो."

"तीन गेम?"

"मॅडम म्हणाल्या असतील ना, खुर्ची मले पाहिजे म्हणून?"

"नाही जी. त्या तर कालच म्हणत होत्या, खुर्चीवर सरच बसतील, पोरगी त्यांनी घडवली."

सरांचा चेहरा पडला. मोठेपणातही बाई पुढंच निघाल्या होत्या.