ठकीला आलेली अक्षत

मांजर या जातीवर माझा मुळीच लोभ नाही. दूध पिते, चुलीशी झोपते आणि वर आपल्याकडे असं पाहते की तीच घरमालकीण आणि आपण भाडेकरू. पण रिठदला आमच्या शेजारी उकंडरावांच्या घरी ठकी नावाची मांजर होती. तिची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्या घराची रीत मोठी कडक. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, सासऱ्यानं सुनेच्या तोंडाकडे पाहायचं नाही. उकंडरावांची बायको सोजरबाई होती तोवर इकडचं तिकडे तीच पोचवायची. ती गेली आणि घरात मधलं माणूसच उरलं नाही. मुलगा बबनराव उजाडताच वावरात जायचा तो दिवेलागणीला यायचा, आणि आला तरी बापासमोर बायकोशी बोलायची त्याची काय छाती होती! सासरा ओसरीवर, सून गोजरा दाराआड आणि दोघांच्या मध्ये उंबऱ्यावर ठकी. मग दोघंही तिच्याशीच बोलू लागली.

सुरुवातीला भाकरीपुरतंच चालायचं. भाकर झाली का, असं उकंडराव आढ्याकडे पाहून ठकीला विचारायचे. ठकी म्यांव करायची. कालवण अजून चुलीवर आहे, जरा बसा म्हणावं, असं गोजरा आतून ठकीलाच सांगायची. हळूहळू दोघांना चटक लागली. कालवण खारट झालं की उकंडराव ठकीला विचारत, आज मिठाची अख्खी गोणीच सांडली का? तंबाखूनं ज्यांची जीभ मेली त्यांनी मिठाच्या गोष्टी सांगू नयेत, असा निरोप ठकीकडे लगेच यायचा. तोंडावर बोलली असती तर घरात महाभारत झालं असतं. पण मांजरीशी कोणी काय बोलावं याला काही कायदा नाही.

ठकीही कमी नव्हती. आखूड म्यांव म्हणजे होकार. शेपूट उभारून पाठ फिरवली की नकार. डोळे मिटून बसली तर विचार करून सांगते. जांभई दिली की मात्र पंचाईत व्हायची, कारण दोघंही आपापल्या सोयीचा अर्थ लावत आणि मग त्यावरून ठकीशीच भांडत. आमच्या घरातले आम्ही सगळे मधल्या भिंतीला कान लावून पोट धरधरून हसायचो.

वैशाखात गोजराच्या धाकट्या बहिणीचं, तुळसाचं लग्न ठरलं. आई लवकर वारलेली, त्यामुळे तुळसाला गोजरानंच कडेवर वागवून वाढवलं होतं. तिच्या लग्नाला जाता आलं नसतं तर गोजरा झुरून गेली असती. पण माहेर जऊळक्याचं, आणि जऊळक्याचं नाव काढलं की उकंडरावांच्या कपाळाची शीर उठायची. गोजराच्या लग्नात तिच्या बापानं, रामरावांनी, वरबापाच्या मानाचं पागोटं भलत्याच्याच डोक्यावर बांधलं होतं. नवरदेवाच्या मामाच्या मिशा भरघोस, उकंडरावांच्या जेमतेम. रामरावांनी मिशा पाहूनच वरबाप ठरवला. तेव्हा उकंडरावांनी भर मांडवात शपथ घेतली की मी या दारी पुन्हा पाय ठेवणार नाही आणि माझ्या घरचं माणूसही तुमच्या कार्याला पाठवणार नाही. तेव्हापासून गोजरानं माहेर पाहिलं नव्हतं.

एके दिवशी गोजराचा भाऊ जगदेव अक्षत घेऊन आला. आमच्याकडे अक्षत घेतली की बोलावणं घेतलं, आणि घेतलेलं बोलावणं मोडलं तर नवरीला अपशकुन. म्हणून उकंडराव दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. तोंडसुद्धा त्यांनी ठकीकडे वळवलं.

"ठके, पाहुन्याले सांग, पानी पेय आन् वापस जाय."

आतून गोजराचा रडवेला आवाज आला, "ठके, म्हन त्याईले, पाहुना उपाशी नोका धाडू."

जगदेव साधा गडी. या घरचा कारभार त्याला कुठून ठाऊक असणार? त्यानं पाहिलं की म्हातारा हिलाच सांगतो, बहीणही हिलाच सांगते. घरातली कर्ती हीच असावी, असं त्यानं धरलं. तो उठला, खांद्यावरचा दुपट्टा जमिनीवर अंथरून त्यानं ठकीला त्यावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, पुढ्यात अक्षत ठेवली आणि हात जोडून म्हणाला, "ठकाबाई, तुळसाच्या लग्नाले या बरं."

ठकीनं अक्षत हुंगली, एक दाणा चाखला आणि आखूड म्यांव केलं. मी तिथंच पान खात बसलो होतो, माझी सुपारी घशात अडकली.

जगदेव आनंदानं निघून गेला. उकंडराव ओसरीवर येरझारा घालत राहिले. बोलावणं तर घेतलं गेलं होतं. चुलीपुढे गोजरा मुसमुसत होती, तेही त्यांना ऐकू येत होतं, आणि म्हातारा मनानं काही वाईट नव्हता. अडलं होतं ते शपथेपाशी. शेवटी दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी गाडी मागितली. कशाला म्हणून विचारलं, तर ठकीला लग्नाला जायचंय म्हणाले. मग ठकीकडे वळून, आत नीट ऐकू जाईल अशा बेतानं बोलले.

"ठके, अक्षत तू घेतली, तुले तर जानंच आलं. पन मुकं जनावर एकटं कसं जाईन? तुह्ये नखरे समजते असं कोनीतरी संगं पायजे."

आत हातातलं भांडं पडल्याचा आवाज झाला. पाठोपाठ निरोप आला, की ठकीनं कळवावं, गाठोडं बांधून तयार आहे.

लग्नाच्या दिवशी भल्या पहाटे गाडी निघाली, हाकायला मीच. घर आणि गुरं सांभाळायला बबनराव मागे राहिला. ठकी टोपलीत, टोपली गोजराच्या मांडीवर. वाटेत मांजर पळालं तर धरणार कोण, म्हणून उकंडरावही गाडीत चढले. रस्त्यानं कोणी विचारलं की कुठं चाललात, तर ते टोपलीकडे बोट दाखवत. दिवसभर त्यांनी ठकीला मानपान कसा घ्यायचा ते शिकवलं आणि पागोट्याचा विषय आला की आवाज चढवला.

गोरजाला जऊळक्यात पोचलो. ठकीला बायकांनी मांडवाच्या दारात ओवाळलं, वाजंत्री वाजली, पोरंटोरं नाचली. दोघी बहिणी गळ्यात पडून इतक्या रडल्या नि हसल्या की भटजी घाईवर आले. उकंडराव मात्र लांब लिंबाखाली गाडीतच बसून राहिले. मी जेवायला चला म्हटलं तर माझ्यावरच खेकसले.

पंगत बसली तेव्हा रामराव कोरं पागोटं घेऊन गाडीपाशी आले. मागं ठकीला कडेवर घेऊन गोजरा. रामराव व्याह्याकडे पाहीनात. ठकीलाच म्हणाले की आमची तेव्हा मोठी चूक झाली, तुमच्या धन्याला सांगा, मांडवात चला. आम्ही सगळे ठकीकडे पाहू लागलो. तेवढ्यात मांडवातून तापल्या दुधाचा वास आला. ठकीनं गोजराच्या हातातून उडी मारली आणि ती पंगतीकडे पळाली.

आता मध्ये कोणीच नव्हतं. उकंडरावांनी बैलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग सून घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"गोजरे, तुहा बाप बलावून राह्यला. जाऊ का मी?"

गोजरानं डोक्यावरचा पदर सावरला. 

"मामाजी, तुमच्याबिगर मी जेवली नाही."

उकंडराव गाडीतून उतरले. वहाणा गाडीतच विसरले आणि अनवाणीच मांडवाकडे चालू लागले.