मामांचे दोन दिवस वजा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी स्क्रीनवर लाल पट्टी आली आणि ताईंनी चष्मा काढून कपाळ चोळलं. लाल पट्टी म्हणजे सिस्टीमचं 'नाही'. आठशे व्हॉल्व्ह, गिऱ्हाइकाला हवेत सतरा तारखेला, आणि सिस्टीम म्हणत होती अठ्ठावीस. ताईंनी पुन्हा बटण दाबलं. अठ्ठावीस. तिसऱ्यांदा दाबलं ते निव्वळ चिडून. माणसाला तीनदा विचारलं की तो निदान वैतागतो, आवाज चढवतो, नाहीतर 'बघतो' म्हणून कटवतो. हे बेणं मात्र तितक्याच थंडपणे तेच सांगत राहिलं.

दुपारी तीन वाजता साहेब गिऱ्हाइकाला फोन करणार होते. हो किंवा नाही. नाही म्हटलं तर ऑर्डर दुसरीकडे जाणार, आणि ती गेली तर पुढच्या महिन्यापासून जुळणी खात्याची दुपारची शिफ्ट बंद. हे साहेबांनी कालच सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं. दुपारच्या शिफ्टला अकरा बायका. त्यांची प्रमुख म्हणजे ताईंची धाकटी जाऊ. आज सकाळी एकाच ओट्यावर दोघींचे डबे भरताना धाकटीने विचारलं होतं, "ताई, होईल ना हो?" आणि ताईंनी झाकण दाबत म्हटलं होतं, "न व्हायला काय झालं?"

आता कळत होतं काय झालं ते.

बावीस वर्षं या कारखान्याचं काम ताईंच्या फळ्यावर चाललं. भलामोठा फळा, चार रंगांचे खडू. कोणती ऑर्डर कुठवर आली, कोणाकडे अडकली, केव्हा सुटेल. फळ्यावर लिहिलेलं सगळ्यांना दिसायचं. न लिहिलेलं फक्त ताईंना ठाऊक असायचं, आणि कारखाना खरं तर त्यावर चालायचा! लेथवरचे मामा आठ दिवस म्हणाले की ताई मनात दोन वजा करायच्या. स्टोअरच्या कुलूपदादाने साडेतीनशे म्हटलं की मनात दीडशे मिळवायच्या. जुळणीवाल्या पाच दिवस म्हणाल्या की ताई चार समजायच्या. यात फसवाफसवी नव्हती. प्रत्येकजण अडीअडचणीला म्हणून थोडं पदरात बांधून ठेवायचा, आणि कोणाच्या पदरात किती हे ताईंना न बघता कळायचं.

चार महिन्यांपूर्वी सिस्टीम आली. ती बसवायला आलेला चष्मेवाला इंजिनीअर भला पोरगा होता, सगळ्यांना अहोजाहो करायचा. प्रत्येक खात्यात जाऊन त्याने विचारलं, तुमच्या कामाला किती दिवस लागतात, तुमच्याकडे माल किती आहे. ताईंना त्याने एकच गोष्ट विचारली, "तुम्हाला टायपिंग येतं ना?"

"येतं," ताई म्हणाल्या, आणि टाइप करत बसल्या. मामांचे आठ म्हणजे आठ. कुलूपदादाचे साडेतीनशे म्हणजे साडेतीनशे. मनातली वजाबाकी मनातच राहिली. त्यात थोडा रुसवा होता, खोटं कशाला सांगा. मला विचारलं नाही ना? मग घ्या.

ते 'घ्या' आता अकरा बायकांच्या गळ्याशी आलं होतं. आणि फळा तोंड भिंतीकडे करून कोपऱ्यात उभा होता, वर्गात शिक्षा झाल्यासारखा.

ताई उठल्या. गुडघ्यांनी नेहमीप्रमाणे तक्रार केली.

"अरे, यातले आकडे बदलायचेत," त्या चष्मेवाल्याला म्हणाल्या. "हे बरोबर नाहीत."

"कोणते?"

"जवळजवळ सगळे."

चष्मेवाल्याने खुर्ची मागे सरकवली. "पण ताई, हे सगळ्यांनी स्वतः सांगितलेत! मी सह्या घेतल्यात."

"सह्या खऱ्या आहेत. आकडे नाहीत."

"मला बदलता येत नाहीत हो. एकदा भरले की ज्याचा आकडा त्याचा पासवर्ड. ज्याने त्यानेच बदलायचा, तसंच केलंय." तो जरा अभिमानाने म्हणाला आणि ताईंचा चेहरा बघून लगेच गप्प झाला.

म्हणजे पायपीट आली.

स्टोअर जिन्याखाली होतं. कुलूपदादाच्या कमरेला एवढ्या किल्ल्या, की माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा. ताईंनी बसायला खोकं ओढलं आणि सरळ विचारलं, "पितळेच्या कांड्या किती आहेत?"

"साडेतीनशे. तुमच्या टीव्हीवर लिहिलंय की."

"आणि जिन्याखालच्या पिंपात?"

किल्ल्या वाजायच्या थांबल्या. "कोणतं पिंप?"

"ज्याच्यावर तू जेवायला बसतोस ते."

"ताई, ते दिसलं की लोक उचलतात," कुलूपदादा कळवळून म्हणाला. "मागच्या वर्षी कोणामुळे निभावलं? या पिंपामुळे! ते लिहून टाकलं तर मी उद्या काय करू?"

"उद्याचं उद्या. आज सिस्टीम नव्या कांड्यांची वाट बघत पाच दिवस बसणार आहे, आणि तू त्या पाच दिवसांवर बसून डबा खाणार आहेस."

कुलूपदादाने पिंपाकडे पाहिलं, मग ताईंच्या गुडघ्यांकडे, आणि सुस्कारा सोडून कीबोर्ड ओढला. पाच दिवस कमी झाले. अठ्ठावीसचे तेवीस.

मामांकडे जाताना ताईंची पावलं आपोआप जड झाली. मामा कारखान्यातले सगळ्यात जुने. कानात कापूस, मिशी पांढरी, आणि तिसऱ्या लेथवर त्यांच्याशिवाय कोणाचा हात बसत नसे.

"आठ म्हणजे आठ," ताईंनी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले. बातमी किल्ल्यांच्या आवाजाच्या वेगाने आली होती.

"मामा, मला ठाऊक आहे."

"तुला ठाऊक होतं म्हणून तर चालत होतं. तू फळा होतीस तेव्हाची गोष्ट वेगळी."

"मी फळा नव्हते. मी फळ्यासमोर उभी होते. म्हणून गुडघे गेले."

मामा हसले नाहीत. "कमी लिहिले आणि एखादा दिवस जास्त लागला, की ते कॉम्प्युटरचं खोकं म्हणतं, कारण लिहा. फळ्याने कधी कारण विचारलं?"

"मी विचारायचे की."

"तू विचारायचीस, ऐकायचीस आणि विसरून जायचीस. हे विसरतं का?"

 मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मामा तिसऱ्या लेथवर फडकं टाकून मागच्या दाराने जायचे. बायकोला दवाखान्यात न्यायचं, रक्त धुणाऱ्या मशीनला चार तास जोडून ठेवायचं, परत आणायचं. दोन वर्षं झाली. त्या दुपारी मामांच्या आठ दिवसांच्या पोटात कुठेतरी राहायच्या. ताईंनी कधी विचारलं नाही, मामांनी कधी सांगितलं नाही.

"त्या दुपारी पण लिहा," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "तिसरं लेथ, मंगळवार-शुक्रवार, दुपारी बंद. ते धरून सहा दिवस होतात. मी मोजलंय."

"म्हणजे मला उघडा पाडतेस."

"मामा, तिकडे अकरा जणी..."

"सगळ्यांचे काढत हिंडतेस." मामांनी लेथ बंद केलं.  "तुझे कुठायत?"

 ताईंचे होतेच. शेवटची तपासणी ताईंकडेच होती, आणि तिला तीन दिवस, असं त्यांनी स्वतःच्या हाताने टाकलं होतं. तपासणी होते एका दिवसात. उरलेल्या दोन दिवसांच्या उशीवर डोकं ठेवून त्या बावीस वर्षं झोपल्या होत्या. वीज गेली, कोणाला ताप आला, टेम्पो बंद पडला, तरी दोन दिवस आहेत. सकाळपासून सगळ्यांच्या पदराला हात घालत फिरताना स्वतःचा पदर त्यांनी कसा घट्ट धरून ठेवला होता!

खांबाजवळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तेलकट कीबोर्ड होता. ताईंनी आपला पासवर्ड टाकला. तीनचा एक केला. बोट क्षणभर बटणावर रेंगाळलं, मग दाबलं.

"बघा. गेले माझे."

मामांनी चिंधीला हात पुसले. बराच वेळ पुसले. मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, सहा लिहिले. आणि खाली दोन दुपारी.

"आता कसं नागव्यासारखं वाटतंय," ते पुटपुटले.

"मलाही," ताई म्हणाल्या.

धाकटी बाराला आली. ताईंनी तिला हजेरीच्या यंत्रापाशीच गाठलं.

"चार?" धाकटी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "घरात घड्याळ दहा मिनिटं पुढे कोण ठेवतं हो? ते चालतं, आणि माझा एक दिवस तेवढा खुपतो!"

"घड्याळ पण नीट करते, हवं तर."

"नको, नको! बस चुकेल." धाकटीने जीभ चावली आणि पाचाचे चार करून मोकळी झाली. तिची शिफ्ट होती, तिला पायपीट करून समजवायची गरज नव्हती.

अडीचला ताई खुर्चीत येऊन पडल्या. बसल्या म्हणता येणार नाही, पडल्याच. चष्मेवाला मागे उभा. ताईंनी बटण दाबलं.

अठरा.

पट्टी लालच.

 चष्मेवाल्याने मान पुढे करून पुन्हा वाचलं, जणू जवळून सतरा दिसेल. "एका दिवसाने," तो म्हणाला. "ताई, अजून कोणाकडे काही...?"

"कोणाकडे काही नाही." ताईंचा आवाज पार गेला होता. "सगळ्यांचं काढून झालं."

साहेब आले तेव्हा तीनला पंधरा मिनिटं होती. त्यांनी स्क्रीन पाहिली. सकाळचे अठ्ठावीस त्यांना माहीत होते. मग त्यांनी दार ओढून घेतलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "ताई, जरा उठता?"

ताई उठल्या. साहेब त्यांच्या खुर्चीत बसले, आपला पासवर्ड टाकला आणि गिऱ्हाइकाच्या तारखेच्या चौकटीत जाऊन सतरा खोडून वीस लिहिले.

पट्टी हिरवी झाली.

"त्यांनी वीसच सांगितली होती," साहेब स्क्रीनकडे बघतच म्हणाले. "मी पहिल्यापासून तीन कमी सांगतो. तुम्ही लोक दोन-चार दिवस इकडचे तिकडे करता, ते काय मला कळत नाही?"

ताईंनी टेबलाची कड धरली. बावीस वर्षं! मामांचे, कुलूपदादाचे, धाकटीचे, सगळ्यांचे दिवस मोजले, आणि या माणसाचे तीन दिवस त्यांच्या नजरेतून सुटले होते. त्या तीन दिवसांपायी किती वेळा त्या जेवायच्या सुट्टीत फळ्यासमोर उभ्या राहिल्या, किती वेळा धाकटीच्या बायकांना घाई केली. चिडावंसं वाटलं, पण चिडायला लागतं ते बळ सकाळपासून खर्च झालं होतं. आणि तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची?

साहेबांनी स्क्रीन खाली सरकवली आणि त्यांचं बोट थांबलं. "तिसरं लेथ मंगळवारी दुपारी बंद? का?"

"ते मामांनाच विचारा," ताई म्हणाल्या.

साहेबांनी मामांना बोलावून घेतलं. मामा आले. दारातच उभे राहिले.

"बायकोला दवाखान्यात न्यायचं असतं," ते म्हणाले. "रक्त धुवायला. मंगळवारी आणि शुक्रवारी."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"मग सांगायचं ना. त्या दुपारी दुसऱ्याला शिकवून बसवलं असतं."

"सांगायची जागा नव्हती," मामा म्हणाले. "आज ताईने चौकट दाखवली."

 साहेबांनी स्क्रीनवर लेथ बंद दाखवणारा तो आडवा राखाडी पट्टा तसाच राहू दिला आणि फोन उचलला. "हो," ते पलीकडच्या माणसाला म्हणाले, "अठराला तयार होतील. नाही, नाही, खरंच अठराला."

काचेपलीकडे जुळणी खात्यात धाकटीने इकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली, इतकी थोडी की दुसऱ्या कोणाला कळलीही नसती. धाकटी वळली आणि कोणाला तरी जोरात म्हणाली, "चला गं, चार दिवस आहेत आपल्याकडे, पाच नाहीत!"

साहेब गेले, मामा गेले. चष्मेवाला मात्र घुटमळत राहिला. त्याने टेबलावरच्या सहीच्या कागदांची चळत सरळ केली, वाकडी केली, परत सरळ केली.

"ताई, मी तेव्हा तुम्हाला विचारायला हवं होतं."

"हं."

"अजून काय काय आहे, जे यात नाहीये? तुम्ही सांगा, मी लिहून घेतो." त्याने खरोखर वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

ताईंनी पाय समोरच्या खोक्यावर लांब केले. पावसात लेथचा पट्टा घसरतो ते होतं. कोणता टेम्पोवाला नेहमी तासभर उशिरा येतो ते होतं. दुपारच्या शिफ्टमधल्या कोणत्या दोघी शेजारी बसल्या की काम दुप्पट होतं आणि कोणत्या दोघी बसल्या की होतच नाही, तेही होतं. बावीस वर्षांचं सगळं होतं, आणि शेवटी कोणीतरी ते मागत होतं. पण जीभ जड झाली होती आणि डोळे मिटत होते.

"उद्या विचार, बाळा," त्या म्हणाल्या. "आज माझ्याकडे काही शिल्लक नाही."