भाऊजींचा दात

ताईच्या थोरलीचं लग्न झालं, त्याच वर्षी भाऊजींचा खालचा पुढचा दात दुखायला लागला. मुलगी सासरी निघाली तेव्हा भाऊजी गालावर हात दाबून उभे होते. पाहुण्यांना वाटलं, बापाचा जीव आहे, हुंदका आवरतोय. बारक्याला एकट्याला कळलं की दुखणं दाताचं आहे.

बारक्या हा ताईचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटली, पोट सुटलं, तरी थिएटरात सगळे त्याला बारक्याच म्हणत. तिथे गाण्यांची नाटकं चालत आणि वादक रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात बसत. भाऊजी पहिला ट्रम्पेट वाजवायचे, बारक्या दुसरा. पहिल्याकडे सगळे मानाचे सूर, दुसऱ्याने खालून साथ द्यायची. बारक्याच्या हातात ट्रम्पेट दिला तो भाऊजींनीच. ओठ कसा आवळायचा, श्वास पोटात कसा साठवायचा, हे त्यांनी त्याला स्वयंपाकघरात उभं करून शिकवलं होतं आणि ताई कानांवर हात ठेवून पोळ्या लाटत होती.

लोकांना वाटतं, ट्रम्पेट फुंकीवर वाजतो. तो वाजतो ओठांवर, आणि ओठ टेकतात पुढच्या दातांवर. त्या भिंतीतली एक वीट निघाली की ओठ आत जातो आणि सूर फाटतो. खोटा दात बसवून पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं, आणि भाऊजींच्या वयात ते जमलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे या धंद्यातली माणसं पुढच्या दाताला जिवापेक्षा जास्त जपतात.

त्यात त्या वर्षीचं नाटक असं होतं की सुरुवातीला सगळीकडे अंधार. पडदा उघडायच्या आधी त्या अंधारात एकटा ट्रम्पेट खालून एक सूर उचलायचा आणि वर चढवत चढवत न्यायचा. शेवटच्या टोकाला पोचला की उजेड. लोक त्या एका सुरासाठी दुसऱ्यांदा यायचे.

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे भाऊजींना बारक्याच घेऊन गेला. बाईंनी आत आरसा घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "मुळाशी पू झालाय. आजच काढूया."

"हे नाटक उतरू द्या, मग काढू," भाऊजी म्हणाले.

"अहो, पू काय नाटक उतरायची वाट बघणार आहे?"

"तोवर गोळ्या द्या ना काहीतरी."

बाईंनी गोळ्या दिल्या, पण बारक्याकडे बघून बजावलं, "सूज हनुवटीखाली आली तर मला दाखवत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "तुझ्या ताईला यातलं अक्षर सांगायचं नाही. उगाच घर डोक्यावर घेईल."

गोळ्यांनी सूज उतरली, गोळ्या संपल्या की परत चढली. एके दिवशी सरावाच्या वेळी भाऊजींनी ट्रम्पेट खाली घेतला आणि बारक्याला फुंकायच्या कडेवर रक्त दिसलं. त्याच्याने राहवलं नाही.

"भाऊजी, बास झालं. काढून टाका तो दात."

भाऊजी रुमालाने रक्त पुसत म्हणाले, "काढतो की. मग माझ्या खुर्चीवर कोण बसणार? तू?"

खड्ड्यातले सगळे हसले. ड्रम वाजवणाऱ्याला ढोल्या म्हणायचे, तो तर मांडीवर थाप मारून म्हणाला, "बारक्या, आधी खुर्चीचं माप घेऊन ठेव रे. नाहीतर ऐन वेळी मावायचा नाहीस!"

भाऊजीही हसले, पण एकाच बाजूने. त्यांचे डोळे हसत नव्हते.

बारक्याला ते बोलणं फार लागलं, कारण ते साफ खोटं नव्हतं. तो सुरुवातीचा सूर त्याने घरी दार लावून घोटून ठेवला होता. न मागता बोटं तिकडे वळायची. अशा माणसाने भाऊजींना दात काढा म्हणावं आणि लोकांनी ते चांगल्या मनाने ऐकावं, हे कसं व्हायचं? तेव्हापासून त्याने या विषयावर तोंड उघडलं नाही.

ताईने त्याला एकदा जिन्यात गाठलं. "खरं सांग रे. हे जेवत नाहीत, नुसतं पातळ काहीतरी पितात. तोंडाला वास येतो. साधं दुखणं आहे ना?"

"वाजवणाऱ्यांना असं होतंच गं, ताई," तो म्हणाला.

"तू म्हणतोस तर असेल. तुला त्यातलं कळतं."

ती निश्चिंत होऊन वर गेली. बारक्या कठडा धरून खालीच उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात भाऊजींची हनुवटी बोथट दिसायला लागली. गळपट्टा गुंडाळून येत, उकडत असलं तरी काढत नसत. बारक्याने एक रात्र जागून विचार केला आणि त्याला एक वाट सापडली. आपल्याला खुर्ची नको आहे हे सगळ्यांसमोर सिद्ध झालं, तर आपला शब्द खरा धरतील.

वादकांच्या प्रमुखाला सगळे छडीवाले म्हणत. सरावाला ते आपली छडी घेऊन जागेवर आले, तसा बारक्या उभा राहिला.

"साहेब, मी यापुढे यायचा नाही. मला पहिली खुर्ची नको आणि दुसरीही नको." मग तो भाऊजींकडे वळला. "आता तरी काढाल ना दात?"

कुणी हसलं नाही. छडीवाले म्हणाले, "अरे, निदान दुसरा माणूस मिळेपर्यंत तरी थांब."

"थांबलो तर म्हणाल, खुर्चीसाठी थांबला."

भाऊजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडायचा प्रयत्न केला, पण ते पुरतं उघडलं नाही. बारक्या ट्रम्पेट पेटीत घालून निघाला. रस्त्याला लागल्यावर त्याला छाती हलकी वाटली. आयुष्यात एकदा तरी आपण सरळ वागलो, असं म्हणत तो घरी गेला आणि गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई त्याच्या दारात आली. चपला न काढताच आत शिरली.

"काय करून बसलास रे हे?"

"त्यांच्या भल्यासाठीच केलं."

"भल्यासाठी? परवाच ते म्हणाले होते, सोमवारी दात काढतो. म्हणाले, बारक्याला बसवतो माझ्या जागी, त्याला तो सूर येतो. त्याच्या दाराबाहेर उभा राहून ऐकलाय मी, माझ्यापेक्षा सरळ जातो." तिला धाप लागली होती. "आता जागेवर बसवायला कुणी नाही म्हणून आज दुपारच्या खेळाला तसेच गेलेत. अंगात ताप आहे. म्हटलं, जाऊ नका, तर म्हणाले, मी नाही गेलो तर पडदाच उघडणार नाही."

बारक्याने पेटी उचलली. तो रस्ताभर पळत होता आणि पोट डुचमळत होतं, पण त्याला त्याची शुद्ध नव्हती.

खड्ड्याचं मागचं दार ढकलून तो आत शिरला तेव्हा दिवे मालवले होते. त्याने अंधारातच ट्रम्पेट बाहेर काढला. भाऊजींना खांद्याला धरून उठवायचं आणि आपण बसायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण तेवढ्यात सूर निघाला. घोगरा होता, तरी निघाला. खालून वर चढायला लागला. बारक्या जागच्या जागी थांबला, कारण सूर चालू असताना वादकाला हात लावायचा नाही, हे त्याच्या अंगात भिनलेलं होतं. हे शिकवलं होतं भाऊजींनीच.

अर्ध्यावर सूर तुटला. काहीतरी जड जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

त्या क्षणी दुसऱ्या कुठल्याही माणसाने दिवे लावा म्हणून ओरडा केला असता. बारक्याने ट्रम्पेट ओठांना लावला. तुटलेला सूर जिथे पडला होता तिथून उचलला, वर चढवत चढवत टोकाला नेला, आणि उजेड झाला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मध्ये खंड पडला होता हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग त्याने खाली पाहिलं. भाऊजी खुर्चीखाली कुशीवर पडले होते. गळपट्टा सुटला होता आणि मान जबड्याइतकीच रुंद झाली होती. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. रंगमंचावर पहिलं गाणं सुरू होत होतं. छडीवाल्यांनी एका हाताने ताल चालू ठेवला आणि छडीने बारक्याला खुर्ची दाखवली.

तो बसला.

दारवान आणि कपडेपटातली बाई, दोघांनी मिळून भाऊजींना मागच्या दाराने उचलून नेलं. ढोल्या ड्रम वाजवत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. बारक्या शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवत राहिला. एकही सूर चुकला नाही.

तो हॉस्पिटलमध्ये पोचला तेव्हा ताई बाकावर बसली होती. थोरली सासरहून यायला निघाली होती. डॉक्टरांनी सांगितलं की पू मानेतून छातीत उतरलाय, श्वासासाठी गळ्याला भोक पाडलंय, आणखी थोडं आधी आणलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं.

"तू कुठे होतास?" ताईने विचारलं.

"वाजवत होतो."

तिने त्याच्याकडे बघितलं. बाकावर थोडी सरकून तिने मध्ये आपली पिशवी ठेवली.

भाऊजी पुन्हा शुद्धीवर आले नाहीत. ते तिसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी वारले. त्यांना त्रेपन्नावं चालू होतं.