तळ्याची खुशाली

सासऱ्यांची नजर एका हिवाळ्यात गेली. आधी डावा डोळा, मग उजव्याचं ऑपरेशन बिघडलं, आणि उरला तो कडेकडेचा धूसर उजेड. उभा जन्म माळावर काढलेला माणूस. गवताळ जमिनींच्या खात्यात तीस वर्षं अधिकारी होते. लोक त्यांना तोंडावर आणि माघारीही गवतसाहेबच म्हणत. बढती मिळून ते लांबच्या मुख्य कचेरीत गेले होते, ते डोळे गेल्यावरच मुलाच्या घरी परतले. आल्या आल्या त्यांनी जेवण टाकलं. ताटासमोर बसायचे, दोन घास चिवडायचे आणि उठायचे. मुलगा समजावून थकला.

सून त्याच खात्यात कामाला होती, मोजणीवर. मीटरभर लांबी-रुंदीची लोखंडी चौकट गवतात टाकायची, गुडघे टेकायचे आणि आत काय काय उगवलंय ते काडी-काडी मोजून लिहायचं, तण असेल ते उपटायचं. एका संध्याकाळी वाढता वाढता ती बोलून गेली, "बाबा, आज तुमच्या तळ्यावर गेले होते. बदकं उतरलीत. चाळीसेक असतील."

सासऱ्यांचा हात ताटावर थांबला. "कुठल्या अंगाला?"

"उथळ पाण्याच्या."

"हां, बरोबर. त्यांना उथळच लागतं." आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी भाजी पुन्हा मागून घेतली.

तळ्यावर एकही बदक नव्हतं. पाणीसुद्धा धड नव्हतं. अडतीस वर्षांपूर्वी त्या तळ्याचे काठ ढासळत होते, तेव्हा नव्या उमेदीच्या गवतसाहेबांनी परमुलखातून एका जोमदार गवताचं बी मागवलं होतं. पोती स्वतः पाठीवर वाहिली, मुठीमुठीने पेरली. काठ धरले गेले, गुरंवाल्यांना चारा झाला, खात्याने मानपत्र दिलं. ते अजून बैठकीच्या खोलीत टांगलेलं होतं. पुढे, साहेब बढतीवर गेल्यानंतर, ते गवत काठावरून पाण्यात उतरलं. हिवाळा सरला की सगळ्यांच्या आधी फुटायचं, बाकीच्यांच्या डोक्यावर सावली धरायचं आणि मुळांची अशी गादी विणायचं की पहारही आत जाईना. उपटताना बोटभर मूळ मागे राहिलं तरी महिन्याभरात तिथे झुबका. त्यात गाळ अडकला, तळं बुजलं. बेडकांना अंडी घालायला पाणी उरलं नाही, पाखरांना उतरायला जागा. सुनेच्या चौकटीत सहाशे काड्या भरायच्या, सगळ्या एकाच जातीच्या. कचेरीत त्या गवताला 'सासरा' म्हणायचे. "आज किती सासरे उपटलेस गं?" वरिष्ठ बाईच विचारायच्या, आणि सूनही हसायची.

घरी मात्र दोन वर्षं तळं नांदतं राहिलं. करकोच्यांची जोडी आली, टिटव्यांच्या अंड्यांतून पिल्लं निघाली, काठावर निळी फुलं आली. सून ऋतू बघून बातमी बनवायची, कारण सासरे चुका काढायचे. "या दिवसांत करकोचा? वेडी की काय!" मग ती म्हणायची, "लांबून पाहिलं, बगळे असतील." त्यांना ते फार आवडायचं. तिची चूक दाखवता आली की त्या दिवशी जेवण चांगलं जायचं.

एरवी त्यांची जीभ तिखटच होती. सून मोजणीवर होती याचा त्यांना कमीपणा वाटायचा. ती ऐकून घ्यायची. आंधळ्या माणसाच्या काय तोंडी लागायचं, म्हणायची.

मग एका शनिवारी त्यांचे तीन जुने सहकारी भेटायला आले. चहा आला, गप्पा रंगल्या. एकाने कौतुकाने विचारलं, "सूनबाई आपल्याच खात्यात आहेत म्हणे?"

"आहे ना," सासरे म्हणाले. "हिच्या हाताखाली काही उगवत नाही, म्हणून खात्याने हिला उपटायला ठेवलंय."

दोघे हसले. तिसऱ्याला काहीतरी कळलं असावं, तो खोकला. सुनेची दोन मुलं पोटातच गेली होती, दुसरं तर सहाव्या महिन्यात. सासऱ्यांना दोन्ही वेळा फोन करून तिनेच कळवलं होतं. नवरा कपात बघत बसला. तिने शेवटचा कप भरला, थेंबही सांडला नाही, आणि तो सासऱ्यांच्या हातात नीट दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "बाबा, तळ्यावर येता?"

म्हातारा लहान पोरासारखा हरखला. शिकारी टोपी मागितली, गळ्यात दुर्बीण घातली. "दिसत नाही, पण वजन ओळखीचं आहे," म्हणाले. गाडीत पूर्ण वेळ बोलत होते. आधी टिटव्या ओरडतील, आपण आल्याची खबर त्याच देतात. मग बेडूक गप्प होतील. मग पाच मिनिटं हलायचं नाही, की पुन्हा सुरू. सून गाडी चालवत राहिली. खडीचा रस्ता संपला तिथे तिने इंजिन बंद केलं आणि त्यांना उतरवलं.

वारा होता. वाळकी पाती एकमेकांवर घासत होती. सासरे हनुवटी वर करून उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"आज शांत आहे," ते म्हणाले.

"पुढे चला."

तिने त्यांचा दंड धरून त्यांना आत नेलं. गवत आधी गुडघ्याला लागलं, मग कमरेला, मग छातीला. त्यांनी मुठीत एक पातं धरून वरपासून खालपर्यंत चाचपलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे तर माझं गवत."

"तुमचंच."

"या कडेला इतकं माजलंय?"

"कड नाही, बाबा. तळ्याच्या मधोमध उभे आहात तुम्ही."

तिने दंड सोडला आणि ती परत येऊन रस्त्यावर उभी राहिली. गवताच्या वर फक्त टोपी दिसत होती. टोपी डावीकडे गेली, अडखळली, उजवीकडे वळली.

"सूनबाई?"

ती टोपीकडे बघत राहिली.

"सूनबाई, पाय अडकतोय. कुठे आहेस?"

तिने घड्याळात पाहिलं. चौकट टाकल्यावर वेळ लिहायची सवय होती, तशी. त्यांनी तिला सात वेळा हाक मारली. शेवटच्या दोन हाकांत तिचं नाव होतं, जे त्यांनी लग्नानंतर कधी घेतलं नव्हतं. मग टोपी दिसेनाशी झाली. अकरा मिनिटं भरली तेव्हा ती आत गेली.

ते खाली बसले होते. पात्यांनी दोन्ही तळवे चिरले होते. मूठ-मूठ गवत धरून ओढलं असावं. एक झुबका अर्धा उपटून बाजूला पडला होता, मुळं तुटलेली.

"मागे राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा येईल ते," ती म्हणाली.

"माहीत आहे मला." मग त्यांनी विचारलं, "आणि बदकं? टिटव्यांची पिल्लं? ती फुलं?"

"मी बनवलेलं सगळं."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

त्यांनी हात पुढे केला. तिने धरला. तिने त्यांना गाडीत बसवलं.

घरी नवऱ्याने तळव्यांना पट्ट्या बांधल्या. "काय झालं?" त्याने तीनदा विचारलं. सासऱ्यांनी सांगितलं नाही. सुनेला वाटलं होतं ते ओरडतील, मुलाकडे तक्रार करतील, निदान रडतील. दोन दिवसांनी ती स्वतःच त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "बाबा, चुकलं माझं. तिथे तुम्हाला सोडायला नको होतं."

"ऐकलं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी तिच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवला नाही. भांडण असं काही नव्हतं. ती गोळ्या द्यायची. ते पाकीट घेऊन, भिंत चाचपत, शेजारच्या मास्तरांकडे जायचे आणि नाव वाचून घ्यायचे. ती सांगायची बाहेर ऊन आहे, तर ते खिडकीबाहेर हात काढून बघायचे. "दूध ताजं आहे, बाबा," म्हटलं की कप नाकाशी जायचा. पत्र आलं तर मुलगा येईपर्यंत उशीखाली. टोमणा म्हणाल तर एकही नाही. उलट हल्ली ते तिच्याशी फार सभ्यपणे बोलायचे.

"तुमच्या दोघांत काय झालंय?" नवऱ्याने एकदा तिला विचारलं.

"मी त्यांना तळं दाखवलं," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी खात्याने तळ्याचं काम हाती घेतलं. आधी औषध फवारलं, मग वाळलेलं जाळलं, मग यंत्राने हातभर गाळ खरवडून काढला. सुनेने त्यातला एकही दिवस चुकवला नाही. खरवडलेल्या जागेत पाणी पाझरलं, आणि हिवाळा सरल्यावर तिने चौकट टाकली तर आत सासऱ्याच्या चार काड्या आणि तळ्याच्या मूळच्या लव्हाळ्याचे नऊ कोंब. कुणी लावले नव्हते. कित्येक वर्षं गाळाखाली दबलेलं बी उजेड लागताच उठलं होतं. ती चिखलात बसली आणि तिने ते पुन्हा मोजले. नऊच होते.

एक कोंब तिने मुळाजवळ कापला, ओल्या रुमालात गुंडाळला आणि संध्याकाळी जेवणाआधी सासऱ्यांच्या हातात ठेवला. "बाबा, हे बघा."

त्यांनी काडी अंगठा आणि बोटात धरून फिरवली. ती गोल फिरेना. तीन धारा बोटाला लागत होत्या. त्यांनी ती पुन्हा एकदा चाचपली.

"लव्हाळा."

"तळ्यावरचा. आपोआप आलाय, जुन्या बियांतून."

"कचेरीच्या मागे तुमची रोपवाटिका आहे ना? तिथे ट्रेमध्ये लव्हाळा लावता म्हणे."

"आहे. पण हा तिथला नाही. खरंच सांगते, बाबा. हवं तर आत्ता चला, हाताला लावून दाखवते."

"नको," ते म्हणाले. "तिथे नको." काडी त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवली, बोटं पुसली आणि मुलाकडे तोंड वळवलं. "जेवण काय आहे रे आज?"

सुनेने ते त्यांना पाचच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. मुलाने पुन्हा सांगितलं, आणि मग ते जेवायला बसले.

तिसऱ्या वर्षी तळ्यात पाणी ठरलं आणि वसंतात बेडूक ओरडायला लागले. कचेरीत सगळ्यांनी पेढे खाल्ल्यासारखी तोंडं केली. सून घरी आली, हातपाय धुतले, ताटं घेतली. बेडकांचं तिने सांगितलं नाही.