दुसरा ट्रॅक

बाबांच्या घशाचं ऑपरेशन मंगळवारी होतं. स्वरयंत्र काढणार होते, म्हणजे आवाज कायमचा जाणार. म्हणून रविवारी सकाळी दुकानातून शेवटचा वर्ग घ्यायचं बाबांनी ठरवलं. बाबा घड्याळजी. त्यांच्या हाताखाली शिकलेले चाळीसेक जण कुठे कुठे पांगलेत, ते सगळे आपापल्या घरून थेट बघणार होते. खरं सांगू का, मला त्या चाळिसांचं काही पडलेलं नव्हतं. मला बाबांचा आवाज हवा होता. फोनवर ते 'हं'च्या पुढे जात नसत आणि घरात त्यांची एक साधी टेपही नव्हती.

काम माझ्याकडे आलं, कारण कॉम्प्युटरमधलं मला फार कळतं असा समज मीच घरात पसरवून ठेवला होता.

तीन वेबकॅम आणले. एक चेहऱ्यावर, एक हातांवर, एक दिव्याच्या दांड्याला बांधून वरून टेबलावर. तिन्ही एकाच यूएसबी हबला लावले तर तिसरा सुरूच होईना. मग प्रत्येकाला पीसीच्या मागचं वेगळं पोर्ट दिलं. वीज गेली तरी फाइल वाचावी म्हणून फाइलचा प्रकार बदलला. केसाएवढी स्प्रिंग स्वच्छ दिसावी म्हणून चित्राचा बिटरेट वाढवत नेला. बाबा स्टुलावर बसून म्हणाले, "अरे, मला काय सिनेमात घेतोयस का?"

तिन्ही कॅमेऱ्यांचे माइक बंद केले, नाहीतर आवाज घुमतो. एकच चांगला माइक ठेवला. त्यातही डोकं चालवलं. थेट प्रक्षेपणाला पहिला ट्रॅक, खरखर गाळलेला. रेकॉर्डिंगला दुसरा, जसाच्या तसा, म्हणजे त्यांचा श्वासही त्यात राहील.

ताईचा फोन आला. "मीपण इथून रेकॉर्ड करून ठेवू का?"

"काही गरज नाही. तिथून उंटावरून शेळ्या हाकू नकोस."

"आवाज नीट येतोय ना तेवढं बघ."

"बघितलंय गं!"

बघितलं होतंच. मोबाइलवर थेट प्रक्षेपण लावून ऐकलं, खणखणीत येत होतं. बाबांना आपण कुठेतरी कायम दिसत राहणं नको होतं, म्हणून प्रक्षेपण संपल्यावर पुसलं जाईल अशी सोयही केली. वर सगळ्यांना बजावलं की कोणी रेकॉर्ड करू नका, मी करतोय.

बाबा दोन तास बोलले. शेवटी शेवटी घसा इतका बसला की मध्येमध्ये पाणी घेत होते. घड्याळ कसं उघडायचं ते सांगता सांगता आईबद्दल बोलले, आमच्या लहानपणाबद्दल बोलले. मी ऐकलं नाही. मी चित्राच्या फ्रेम गळतायत का ते बघत होतो.

दुपारी घरी फाइल लॅपटॉपवर घेऊन उघडली. बाबा शेजारीच झोपले होते, म्हणून स्पीकर बंद ठेवून नुसतं चित्र पाहिलं. अप्रतिम होतं. ताईला कळवलं, "झकास आलंय."

मंगळवारी बाबांना आत नेल्यावर मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडून इयरफोन लावले. काहीच ऐकू येईना. वाटलं, इयरफोन बिघडलेत. शेजारच्या बाईंचे मागून घेतले. तेच. मग लॅपटॉपवरूनच दुकानातल्या पीसीचं सेटिंग उघडून बघितलं. रेकॉर्डिंग दुसऱ्या ट्रॅकवरून करायचं हे मी निवडलं होतं, पण माइकच्या नावासमोर दुसऱ्या ट्रॅकची चौकटच टिक केली नव्हती, म्हणजे आवाज त्या ट्रॅकवर गेलाच नव्हता. एक टिक. दोन तासांचा मुका सिनेमा. चाळीस जणांना फोन केले. कोणीही रेकॉर्ड केलं नव्हतं. सगळ्यांनी माझा शब्द मानला होता.

ताईला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. "मी विचारलं होतं रे," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी बाबांना उशीला टेकवून बसवलं. गळ्याला नळी. त्यांनी वहीत लिहिलं, 'वर्ग दाखव.'

नाही म्हणायला कारण सुचेना आणि खरं सांगायला जीभ उचलेना. लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. पडद्यावर बाबा हसले, चष्मा पुसला, ओठ हलवू लागले. बाबा जरा पुढे वाकले. मग त्यांनी माझ्याकडे बघून बोट वर केलं, आवाज वाढव.

मी वाढवला.